द्वारकाबद्दल तिच्या बापाला जे सांगितलं

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, दोस्तांसमोर नाही. मागं एकदा डेंग्यूच्या तापात मी बरळत होतो म्हणे — शुद्धीवर आल्यावर बायकोला पहिला प्रश्न काय विचारला असेल? पाणी नाही मागितलं. विचारलं, मी काय काय बोललो? ती म्हणाली, काही नाही, पोरांना गणितं सांगत होता. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि आधीच बजावून ठेवतो — दया नको. 'सर, त्या वेळची परिस्थितीच तशी होती' हे तर अजिबात नको. परिस्थिती माझी नव्हती. ती दुसऱ्याच्या डोक्यावर होती. माझ्याकडं फक्त जीभ होती, आणि ती मी वापरली.

काय बोललो ते सांगतोच. पण त्याआधी एक प्रश्न सांगावा लागेल. तुम्हीही तो कधीतरी कुणाला विचारला असेल.

"सर, मेडिकलला लागायचं म्हणजे बुद्धी महत्त्वाची की मेहनत?"

माजलगावला माझा क्लास आहे. फिजिक्स शिकवतो. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणारी पोरं तयार करतो. परीक्षेचं नाव बदललं, पेपर बदलला, पोरांच्या हातात मोबाइल आले, पण पालक मेळाव्यातला हा प्रश्न काही बदलला नाही. विचारणारा बाप पहिल्या रांगेत असतो, पोरगं शेजारी मान खाली घालून बसलेलं. बाप प्रश्न मला विचारतो आणि बघतो पोराकडं — बैलबाजारात गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं ना, तसं. मला या प्रश्नाची चीड आहे. का, विचारा. कारण हा प्रश्न माहिती पाहिजे म्हणून कुणी विचारत नाही. या लेकरावर खर्च करायचा की इथंच सोडून द्यायचं, एवढंच बघायचं असतं. पोरगा असेल तर मी काहीही सांगितलं तरी खर्च होतो. पोरगी असेल तर माझं उत्तर अगदी नीट ऐकून घेतात.

आणि मी उत्तर देतो — मेहनत. दरवेळी मेहनत. टाळ्या पडतात.

मेहनत म्हणायचा मला अधिकार आहे, असं मला वाटायचं. माझा बाप सहकारी सूतगिरणीच्या गोदामात हमाल होता. कापसाच्या गाठी वाहून वाहून त्याची मान एका अंगाला कललेली होती. फोटोतसुद्धा सरळ आली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. बी.एस्सी.चा कागद मी फ्रेम करून बैठकीत लावलाय, देवांच्या फोटोंच्या वर, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तो कागद मला नको होता. मला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीला मी दोनदा बसलो. तोंडात तंबाखू धरावी तसं पुस्तक धरून बसायचो, दिवसभर चघळत. दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकणं काय असतं, ठाऊक आहे का? लांबून हुकलेला माणूस विसरून जातो, कामाला लागतो. थोडक्यात हुकलेला जन्मभर तिथंच उभा असतो.

मग मी ठरवून टाकलं — डोकं-बिकं काही नसतं, सगळं कष्टावर आहे. कारण डोकं असतं असं धरलं, तर मला ते कमी पडलं असंही धरावं लागलं असतं. ते कसं धरायचं? तिसऱ्यांदा बसलो असतो तर लागलोच असतो, बापाची हमाली संपत आली म्हणून थांबलो — हे धरायला सोपं होतं. मी तेच धरलं.

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. धरण तळाला गेलं होतं. पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्त्यांच्या भिंती उघड्या पडल्या, आणि लोक ट्रॅक्टर भरून त्या बघायला जात होते — जत्रेला जावं तसं. ऊसच नव्हता, तर कारखान्याची चिमणी कशावर पेटणार? सोसायटीचं खताचं गोदामही रिकामं पडलं. पाऊस नाही तर खत उचलणार कोण? ते गोदाम सोसायटीच्या चेअरमननं मला क्लासला फुकट दिलं. फुकट म्हणजे आपल्याकडं कसं असतं — पोरगं मेडिकलला लागलं की फ्लेक्सवर चेअरमनचा फोटो मोठा, पोराचा मध्यम आणि माझा कोपऱ्यात, तिकिटाएवढा. मी हो म्हणालो. युरियाच्या वासात फिजिक्स शिकवलं. फळ्यामागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं, मोठ्या अक्षरात मीच लिहिलं: 'डोकं देव देतो, मार्क मेहनत देते.' माझंच वाक्य. लई गाजलं.

त्या गोदामात द्वारका आली.

बारावीला होती. शेजारच्या खेड्यातनं एस.टी.नं यायची. आईबाप ऊसतोडीचे, दरसाल दिवाळी झाली की बाहेरच्या जिल्ह्यातल्या कारखान्यावर जाणारे, उन्हाळ्यात परतणारे. ती चुलत्याच्या घरी राहून शिकलेली. मी तिची फी अर्धी केली होती — हेही सांगून ठेवतो, म्हणजे मी किती भला माणूस होतो ते तुम्हाला कळेल.

रोज उशिरा यायची. "टँकर आलता सर." रोज तेच. टँकर काय वर्गाची वेळ विचारून यायचा? वही अर्धवट. दिलेला अभ्यास नाही. मागं लोखंडी खांबाला टेकून बसायची, दातात पेनाचं टोपण, आणि हसायची. कशालाही हसायची. आणि मी फळ्याकडं वळून आकडेमोड करत असलो की मागून उत्तर यायचं. हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं. बरोबर असायचं.

आता सांगा — मला काय वाटायला हवं होतं? अभिमान, नाही का? शिष्य पुढं गेला की गुरूला आनंद होतो म्हणतात. होत असेल कुणाला. मी दोन वर्षं चघळून चघळून जे पोटात ढकललं, ते ही पोरगी खांबाला टेकून, टँकरच्या रांगेतनं पळत येऊन, हसता हसता सांगते? मग माझ्या त्या दोन वर्षांचं काय? माझ्या भिंतीवरच्या वाक्याचं काय? ती उत्तर द्यायची तेव्हा मला ते उत्तर ऐकू यायचंच नाही. मला ऐकू यायचं — सर, तुमच्यात नव्हतं.

ती असं कधी म्हणाली नाही. पण मला तर ऐकू येत होतं.

एके दिवशी घसरगुंडीचं गणित होतं. वाकडीतिकडी, गुळगुळीत घसरगुंडी. वरून गोळी सोडली, तर खाली पोचताना वेग किती? मी बाण काढले. बळाचे तुकडे पाडले. फळा भरला. पुसला, परत भरला. शर्ट पाठीला चिकटला. आणि मागून आवाज आला —

"सर, उंची दिलीय की वर. गोळी किती खाली आली तेवढंच बघितलं की झालं. तुमी म्हंजे तेलगावला जायला व्हाया बीड चाललाव!"

माजलगावहून तेलगाव सरळ रस्त्यानं हाकेवर. तिथं बीडवरून जायचं म्हणजे अर्धा जिल्हा पालथा घालायचा. गोदामाचे पत्रे उडतील एवढी पोरं हसली. तीही हसली — मला हसली नाही, आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसली. हे मला आज कळलं असं म्हणणार नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं.

मीही हसलो. शाबास म्हणालो. तिची रीत फळ्यावर लिहिली, एका ओळीत बसली.

त्या दिवसापासून माझं नाव पडलं. व्हाया बीड. बाजारातनं चाललो की मागून आवाज — "ओ व्हाया!" वळलो तर कुणी नाही, सगळे वांगी निवडतायत. चेअरमननंसुद्धा एकदा चहा पाजताना विचारलं, "काय सर, आज कोणत्या रस्त्यानं आलाव?" आणि आजूबाजूचे दात काढून हसले. मी काय करू? नाव खोटं होतं का? डॉक्टर व्हायला निघालो आणि व्हाया बी.एस्सी. खताच्या गोदामात उतरलो. पोरीनं नकळत माझ्या आयुष्याचा रस्ताच सांगून टाकला होता, आणि तोही हसत.

त्यानंतरच्या सराव परीक्षेत ती पहिली आली. निकाल सांगताना मी म्हणालो, "काही जणांचे तुक्के बरे लागलेत." नाव घेतलं नाही. सगळ्यांना कळलं. ती तेव्हाही हसलीच.

आता कोयता म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही लांबचे असाल तर तुम्हाला वाटेल हत्यार. आमच्याकडं कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायकोची. एकानं ऊस तोडायचा, एकानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी धरत नाही. म्हणून तर आमच्याकडं लग्नाची एवढी घाई. प्रेमबीम नाही, अर्ध्याचा पुरा करायचा असतो.

दिवाळी होताच द्वारकाचा बाप, बन्सीभाऊ, गोदामावर आला. दुपारची वेळ, वर्ग नुकता सुटलेला. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"सर, दोन दिसांत गाडी येतीय," तो म्हणाला. "हिच्या आईची पिशवी काढल्यापासून तिला मोळी उचलत न्हाई. मपला कोयता अर्धा झालाय. बहीण यायला तयार हाय संगं, पण तिचं लेकरू अंगावरचं हाय, तिला लई तरास व्हईल. म्हणून इचारतो. आडपडदा ठिवू नका. पोरीत काय हाय का? आसंल, तर बहिणीला नेतो. पोरीला हितंच ठिवतो, काय व्हायचं ते हू द्या. नसंल, तर मंग उगं कावून…"

'कशाला'च्या पुढं वाक्य पुरं केलं नाही. टोपी काढून दोन्ही हातांत धरली होती, आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याच्याकडं तराजू नव्हता. मला तराजू म्हणून वापरायला आला होता. त्याच्या हिशेबानं मी खोटं बोलूच शकत नव्हतो. हमालाचा पोरगा, आपल्यासारख्याच घरातनं शिकून मास्तर झालेला. आपल्या माणसाला तो कशाला फसवेल?

बाहेर लिंबाखाली पोरी उभ्या होत्या. द्वारका हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. कशाला हसत होत्या? मला माहीत नाही. मी धरून चाललो की मला.

आता नीट ऐका. इथंच सगळं आहे.

मला बोलायला काय काय होतं? 'हुशार आहे, राहू द्या' — हे खरं होतं. 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही, जरा कान उपटा' — हेही खरं होतं, आणि त्यात माझा रागही निघाला असता. बापानं चार शिव्या घातल्या असत्या, पोरगी रडली असती, वही पुरी करून आली असती. मेहनत कमी पडली तर त्यावर इलाज असतो. हे मीच तर रोज घसा फोडून सांगत होतो! पण डोकं नाही म्हटलं की? त्याला इलाज नाही. तिथं बाप काय करणार, पोरगी काय करणार? ते ऐकून घ्यायचं आणि उठायचं.

मला दोन्ही शब्दांची ताकद ठाऊक होती. सबंध जिल्ह्यात माझ्याएवढी ती कुणाला ठाऊक असेल? आणि मी बरोब्बर तो उचलला, ज्याला इलाज नव्हता.

"बन्सीभाऊ, खोटं कशाला बोलू," मी म्हणालो. "पोरगी कष्टाळू आहे. पण डोकं नाही. आणि डॉक्टरकीला डोकंच लागतं."

माझ्या पाठीमागं भिंतीवर, निळ्या रंगात, नेमकं उलटं लिहिलेलं होतं. बन्सीभाऊला वाचता येत नव्हतं.

तो चिडला नाही. रडला नाही. तोंडावर उलट सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं — किंवा मला ते बघायचं होतं म्हणून दिसलं असेल. टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाला, "बरं झालं सर, सरळ सांगितलंव. दुसरा कुणी आसता तर फीच्या पायी नादी लावलं आसतं." हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचा नसेल, पण माझ्याहून मोठा माणूस. मीही हात जोडले.

रागाच्या भरात तोंडातून गेलं, असं म्हणून मी सुटू शकतो का? नाही. कारण दुसऱ्या दिवशी द्वारका आली. क्लासची पुस्तकं परत द्यायला. वर्ग चालू होता, ती दारातच उभी राहिली. हसत नव्हती. म्हणाली, "सर, खरंच न्हाई का?"

काय नाही, ते बोलली नाही. इतके दिवस ती मला उत्तरं सांगायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला प्रश्न विचारला. गाडी अजून आली नव्हती. आत्या अजून तयार होती. माझं एक वाक्य पुरेसं होतं, अर्धंही चाललं असतं. 'बापाला बोलावून आण' — बस, एवढंच.

मी म्हणालो, "पुस्तकं टेबलावर ठेव आणि जाताना दार लोटून घे. धूळ येते."

तिनं दार अलगद लोटलं. आवाज नको म्हणून हातानं धरून.

गाडी निघाली ती आमच्या गोदामासमोरूनच. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांवर भांडी, चुली, सरपण, पोरंबाळं, शेळ्या, आणि बोचक्यांवर बसलेल्या बाया. त्यातली एक द्वारका होती. वर्गातल्या पोरी धावत दाराशी गेल्या, हात हलवायला लागल्या. मी ओरडलो, "जागेवर बसा! परीक्षा तुमची आहे, तिची नाही." हे वाक्यही माझंच. हे भिंतीवर लिहिलं नाही.

उन्हाळ्यात ती परत आली आणि तिचं लग्न लागलं, दुसऱ्या एका अर्ध्या कोयत्याशी. अठराची पुरी झाली होती का? मी विचारलं नाही. तिथं कुणीच विचारत नव्हतं. मला आमंत्रण होतं. गेलो. अक्षता टाकल्या, जेवलो. बन्सीभाऊनं हाताला धरून पुढच्या पंगतीत बसवलं, सरांना बुंदी वाढा म्हणून ओरडला.

त्याच सुमारास आमच्या गोदामातला एक पोरगा एमबीबीएसला लागला. गुणी पोरगं, मान मोडून अभ्यास करणारं. त्याच्यावर माझा काही राग नाही. आज चांगला डॉक्टर आहे. फ्लेक्स लागला. सत्कारात चेअरमननं मला शाल घातली आणि मी माइकवर बोललो — डोकं-बिकं काही नसतं मंडळी, या पोराकडं बघा. मंडळींनी बघितलं. माझ्याकडं आता पुरावा होता.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. ती तरी लागली असती कशावरून? नसतीही लागली. टँकर होता, उशीर होता, आईचं दुखणं होतं, जागा थोड्या आणि पोरं ढीगभर. या 'नसतीही लागली'वर मी कितीतरी वर्षं सुखानं झोपलोय. पण ते परीक्षेनं सांगायचं होतं. नापास करायचा हक्क परीक्षेचा होता. मी तिला परीक्षेच्या आधी, परीक्षेला न बसवता नापास केलं. का? तर माझी रीत लांबची होती म्हणून.

पुढं मी पोरींची फी माफ करत गेलो. कुणाच्या बापाला समजावायला खेड्यांवरही गेलो. हे माझ्या नावावर जमा धरू नका. मी फी माफ केली त्यांतली एकही द्वारका नव्हती.

आता तेलगावचं सांगतो. हे याच वर्षीचं.

अंबाजोगाईला एका कॉलेजात भाषण होतं. विषय — 'वैद्यकीय प्रवेश: बुद्धी की परिश्रम?' हसायचं असेल तर हसा. मी तेलगावच्या फाट्यावर गाडी बदलायला उभा होतो. सरळ रस्त्यानं आलो होतो, हे सांगायला पाहिजे.

"सर! वळखलं का? मी द्वारका! व्हाया बीड!" आणि जीभ चावली. "दोन लेकरं झाली तरी माझं तोंड काय सुधारलं न्हाई बघा."

उन्हानं रापलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे, केस पुढून विरळ झालेले — मोळ्या तिथंच टेकतात. हसू तेच. शेजारी तिची पोरगी, सातवीतली. तुम्हाला वाटत असेल, आता ही पोरगी काहीतरी चमक दाखवणार, चटकन कसलं तरी गणित करून दाखवणार. नाही. ती शेंगा खात होती आणि टरफलं रस्त्यावर टाकत होती. तिला डोकं आहे की नाही, मला माहीत नाही.

"ह्ये आमचे सर," द्वारका पोरीला म्हणाली. "पाया पड. लई सच्चा माणूस. तुज्या आज्याला तोंडावर सांगितलं व्हतं, पोरीला डोकं न्हाई म्हणून. दुसऱ्यानं फसिवलं आसतं आमाला."

पोरगी पाया पडली. शेंगांचा हात तसाच.

मी द्वारकाच्या तोंडावर टोमणा शोधला. शपथ घेऊन सांगतो, शोधला. कुठंतरी, डोळ्यांच्या कडेला, ओठाच्या कोपऱ्यात. सापडला असता तर मी तिथंच मोकळा झालो असतो. नव्हता. तिनं माझं म्हणणं मानलं होतं. मी सांगितलेली गोष्ट तिनं स्वतःबद्दलची खरी माहिती म्हणून इतकी वर्षं सांभाळली होती — आपली उंची, आपलं वय, आपलं डोकं.

"ही बी माझ्यावरच गेलीय सर," ती म्हणाली. "डोकं न्हाई. हिचे वडील म्हणतेत राहू दी साळंत. मी म्हणते उगं कावून? औंदा दिवाळी झाली की संगंच न्यावी…"

आणि थांबली. बापासारखीच, वाक्य पुरं न करता. माझ्या तोंडाकडं बघत.

वाक्य माझ्याकडं होतं. दुसरं कुठलंही वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलेलं नाही. द्वारका, तुला डोकं होतं. माझ्यापेक्षा जास्त होतं. मला ते माहीत होतं आणि मी खोटं बोललो. त्यात एकही अवघड शब्द नाही. फाट्यावर दहा-वीस माणसं होती. टपरीवाला मला ओळखत होता, 'सर' म्हणून चहा पुढं करत होता. अंबाजोगाईची गाडी वळणावर दिसत होती.

"असतं एकेकाचं," मी म्हणालो. "सगळ्यांनाच काही डोकं नसतं."

"त्येच म्हणते मी," द्वारका म्हणाली, आणि पोरीच्या केसांत अडकलेलं टरफल काढून टाकलं.

मी गाडीत चढलो. खिडकीजवळ जागा मिळाली. भाषण चांगलं झालं, टाळ्या पडल्या.

पहिल्यांदा बोललो तेव्हा निदान राग होता. या वेळी रागसुद्धा नव्हता. गाडी आली होती, एवढंच.